नवव्या पानावरची अट

दत्ता, रविवारी तुझ्या शोकसभेत माझं नाव तीनदा पुकारलं आणि मी खुर्चीवरून उठले नाही. घसा बसलाय असं खुणेनं सांगितलं. घसा ठणठणीत होता. तू गेल्यापासून मी रडले ती दोनदाच, आणि त्यातलं एकदा कांदा चिरताना, म्हणजे ते धरायचं की नाही ते तूच ठरव. असला कीस काढायला तुला आवडायचं.

लोक काय काय बोलले ते ऐकलं असतंस तर तोंडावर रुमाल धरून हसला असतास. ऋषितुल्य काय, ज्ञानतपस्वी काय! बत्तीस वर्षं एका स्टाफरूममध्ये बसून माझ्या डब्यातली सुक्या सुंगटांची किसमूर, ती खोबऱ्याची कोशिंबीर, चोरून खाणारा ज्ञानतपस्वी. मग एक गृहस्थ, तुझेच जुने विद्यार्थी, आता डिचोलीत मोठं दुकान आहे म्हणे, माईक हातात घेऊन म्हणाले, "सरांच्या हातून आयुष्यात कधी चूक झाली नाही." माझ्या बाजूला तुझी बायको बसली होती. सुमनवहिनीनं डोळ्यांना पदर लावला. मला मात्र नाकाला मिरच्या झोंबाव्यात तसं झालं. मेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये हे ठीक, पण म्हणून इतकं?

आणि त्याच्यानंतर कुसुम उठली. आपली कुसुम, माझ्या कोरगावची. पन्नाशी कधीच उलटली तिची. वास्कोहून दोन बस बदलून आली होती. तिच्या हातात आपली पुस्तिका होती रे. पिवळा पडलेला कागद, कडेला दोऱ्यानं शिवलेली. ती सगळ्यांना उंच धरून दाखवत म्हणाली, "सरांनी हे मराठीत लिहिलं नसतं तर माझ्यासारखी मुलगी गणिताच्या वर्गात बसलीच नसती." टाळ्या पडल्या. ती पुढचं बोलत राहिली आणि मी तिच्या हाताकडे बघत राहिले. नववं पान त्यात असणार, हे एकच डोक्यात. अशा वेळी मी उठून काय बोलणार होते?

तेव्हा जे तिथे बोलले नाही ते इथे लिहितेय. तू उलट उत्तर देऊ शकत नाहीस, एवढी एक सोय आहे.

ती पुस्तिका का झाली हे रविवारी कुणालाच आठवलं नाही. गोवा मुक्त झाल्यावर गावोगाव मराठी शाळा झाल्या, त्यातून शिकून आलेली आपली पोरं. पेडण्याची, डिचोलीची, साखळीची. हायस्कूलला इंग्रजी झालेलं, पण ते जिभेवर आलेलं नव्हतं. मुक्काम पोस्ट कोरगावहून पहाटेची बस धरून यायची आणि वर्गात शेवटच्या बाकावर माना खाली घालून बसायची. 'नेसेसरी अँड सफिशियंट' असं आपण फळ्यावर लिहिलं की वहीत तसंच उतरवायची, देवाच्या मंत्रासारखं. एकदा तू तासावरून आलास आणि खडूचे हात तसेच घेऊन माझ्या मेजाशी उभा राहिलास.

"गो शैला, ह्या पोरांक शब्दच कळनत नाय, मगे गणित खय कळतलां?"

"मग मराठीत सांग त्यांना," मी म्हटलं.

"आणि लिवन कोण दितलो? तू?"

"मी देते. घाबरते की काय?"

एवढंच आपलं करारपत्र. तुझे वडील दोडामार्गाहून खाणीवर ट्रक चालवायला आलेले, माझे वडील डोंगरावर काजू राखायचे. दोघांच्याही घरात पहिली पदवी आपली. पणजीला एम.एस्सी. करताना आपण एकाच पुस्तकावर दोघं वाचायचो, कारण लायब्ररीत प्रतच एक होती. तेव्हा पुस्तक लिहायचं म्हटल्यावर आपल्याला कोण आनंद झाला होता! आता आठवलं की वाटतं, तेव्हाच कानाला खडा लावायला हवा होता.

दर शुक्रवारी दुपारी आपण बसायचो. शुक्रवारी अर्धा वर्ग म्हापशाच्या बाजारात घरच्यांबरोबर ओझी वाहत असायचा, तास लवकर संपायचे. बाजाराच्या मागच्या त्या हॉटेलात पातळभाजी-पाव आणि चहा, आणि मधे वही. कामाची पद्धत तुझी-माझी ठरलेली. तू प्रमेय लिहायचास. मी त्यातली एक अट बोटानं झाकायची आणि विचारायची, आता काय पडतं बघू. पडलं नाही तर ती अट फुकटची, काढून टाक. पडलं तर ती आवश्यक. आणि सगळ्या अटी पाळूनही काही निसटतं का हे मी घरी जाऊन रात्रंदिवस शोधायची, कारण निसटलं तर त्या पुरेशा नाहीत. तू बांधायचास, मी पाडून बघायची. कुठलं काम मोठं यावरून आपण त्या हॉटेलात किती भांडलो असू!

तू म्हणायचास, "प्रमेय म्हणजे जेवण. तुझी उदाहरणां म्हणजे लोणचां."

मी म्हणायची, "अट पुरेशी आहे की नाही हे कळतं कशावरून? माझ्या लोणच्यावरूनच ना?"

"बरां गो बाये, लोणचां वाढ."

वर्गात मात्र तुझ्यासारखं कुणी शिकवलं नाही, हे मी आत्ताही म्हणते. "म्हापशाक जावचां तर स्टँडार येवचां लागतां मां? मगे स्टँडार इलास म्हणजे म्हापशाक पोचलास काय?" असं विचारायचास आणि पेडण्याची पोरं एका सुरात ओरडायची, "नाय, सर! बस येवक होयी!" वर्ग हसायचा. त्या एका प्रश्नात आवश्यक म्हणजे काय आणि पुरेसं म्हणजे काय हे सत्तर पोरांच्या डोक्यात कायमचं बसलं. मला ते कधी जमलं नसतं.

पण दोन रस्त्यांचं उदाहरण माझं. ते सुद्धा रविवारी एकानं तुझ्या नावावर सांगितलं. सदिश अवकाशाच्या, म्हणजे व्हेक्टर स्पेसच्या, आत लहान अवकाश कधी होतो, त्यासाठी तीन गोष्टी बघायच्या: शून्य त्यात आहे का, त्यातली वस्तू कितीही पटीनं ताणली तरी त्यातच राहते का, आणि दोघांची बेरीज त्यातच पडते का. पोरं पहिली गोष्ट बघून मोकळी व्हायची. शून्य आहे ना, मग झालं! म्हणून मी सांगितलं, म्हापशाचं स्टँड म्हणजे शून्य. तिथून एक सरळ रस्ता पेडण्याला जातो असं धरा, एक सरळ डिचोलीला. हे दोन रस्ते मिळून आपलं जग. शून्य त्यात आहे. रस्त्यावर कितीही पुढे-मागे जा, रस्त्यावरच राहता. आता पेडण्याच्या दिशेनं एक मैल आणि डिचोलीच्या दिशेनं एक मैल, दोन्ही बेरीज करून चाला. कुठे पोचलात? एक पोरगी म्हणाली, "बाई, कुणाच्या तरी शेतात!" तीच कुसुम. पहिल्या वर्षाची होती तेव्हा.

मग त्याच तासाला मी पुढचं शिकवलं. दोन रस्ते मिळून धड अवकाश व्हायला हवा असेल तर आवश्यक आणि पुरेशी अट एकच: एक रस्ता दुसऱ्याच्या पोटात गेला पाहिजे. वेगळे राहिले तर जुळत नाहीत. हे शिकवताना मला काही टोचलं नव्हतं. टोचलं ते नंतर, मुखपृष्ठ बघितल्यावर.

सायक्लोस्टाईलवर प्रती काढायचे मेणकागदाचे स्टेन्सिल तू स्वतः कोरलेस, लोखंडी टोकाच्या लेखणीनं, तुझ्या त्या सुंदर अक्षरात. कॉलेजनं मोजून चोवीस स्टेन्सिल दिले होते, पंचविसावा मिळणार नव्हता. एका शुक्रवारी तू ते सगळे गठ्ठा करून माझ्याकडे आणून दिलेस. "तपासून सोमवारी आण," म्हणालास आणि बाजारात निघून गेलास. मी हॉटेलातच गठ्ठा उघडला. मुखपृष्ठावर तुझं नाव. फक्त तुझं, ठळक, खाली दोन रेघा मारलेलं. आत एक अख्खं पान प्रस्तावना, प्राचार्यांचे आभार, शिपायाचे आभार, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत: "कु. शैला यांचे मोलाचे सहकार्य लाभले."

मोलाचे सहकार्य! जळलं मेलं ते मोल. आडनावसुद्धा नाही. सोमवारी मी विचारलं तेव्हा वर तोंड करून काय म्हणालास? "आडनावाक जागा पुरली नाय गो." दोन रेघांना पुरली होती. मी गठ्ठा तुझ्या मेजावर ठेवला. तुला वाटलं मी समजूतदार. मी समजूतदार नव्हते दत्ता, मी जळत होते.

आता तुझ्या चुकीचं सांगते. ही सांगायला मला तीस-पस्तीस वर्षं कुणी थांबवलं नव्हतं आणि मी ती ज्याला-त्याला सांगितलीच आहे.

गटाच्या प्रकरणातलं ते प्रमेय. गटातली काही मंडळी वेगळी काढली, तर तो आपल्यापुरता पूर्ण गट, म्हणजे शून्य आणि प्रत्येकाची परतीची वाट आतच असलेला, कधी होतो? तू लिहिलंस, आवश्यक आणि पुरेशी अट एकच: दोघांना एकत्र केलं की उत्तर त्या मंडळीतच राहिलं पाहिजे. हे खरं आहे, पण मंडळी मर्यादित असेल तरच. घड्याळ घ्या. चारात चार मिळवत जा: चार, आठ, बारा. फिरून बारावर आलंच, आणि घड्याळात बारा म्हणजेच शून्य. मोजकीच घरं असली की चालत राहिलेला कधीतरी आपोआप परत येतो, आणि परतीची वाटही त्यातच सापडते. पण साधे आकडे घ्या: एक, दोन, तीन, चार. कितीही मिळवा, उत्तर त्यातच राहतं, पण शून्य काही लागत नाही आणि उणे एक तर नाहीच नाही. तिथे ती अट पुरत नाही. सगळा फरक 'मर्यादित' या एका शब्दाचा.

शुक्रवारच्या वहीत तो शब्द होता. प्रकरणाच्या आरंभी तू ओळ लिहिली होतीस, "या प्रकरणात सर्व गट मर्यादित आहेत असे धरू." तुम्हा प्रमेयवाल्यांची ही खोडच. दारात एकदा सांगितलं की आत पुन्हा सांगायचं नाही. पण चोवीस स्टेन्सिलांत बसेना म्हणून तू प्रकरणाचं ते पहिलंच पान काढून टाकलंस, कारण प्रस्तावनेला एक पान लागत होतं. आभारांना. माझ्या मोलाच्या सहकार्याला. ओळ गेली आणि नवव्या पानावर प्रमेय तसंच राहिलं, उघडं. सिद्धतेत तू लिहिलंस, "असे करत गेल्यास केव्हातरी पुनरावृत्ती होईलच." का होईल, त्याचं कारण कचऱ्यात गेलेलं.

पुस्तिका पोरांनी डोक्यावर घेतली. आणि दोन वर्षांनी विद्यापीठाच्या पेपरात तोच प्रश्न आला, गटाच्या कुठल्याही उपसंचाबद्दल, मर्यादित वगैरे काही नाही. बाकीच्या पोरांनी सोडून दिला. कुसुमनं नववं पान शब्दन् शब्द लिहिलं. दहा गुणांचा प्रश्न, शून्य गुण. पहिला वर्ग सहा गुणांनी गेला, पणजीची एम.एस्सी.ची जागा गेली, आणि घरच्यांनी म्हटलं, झालं ना आता शिकून? वास्कोत एका ऑफिसात तिला टायपिंगची नोकरी लागली. आयुष्यभर तिनं बोटीच्या मालाच्या याद्या टाईप केल्या. तू मनात म्हणाला असशील, एवढी हुशार होती तर तिला कळायला नको होतं? अरे, हुशार मुलीच छापलेल्यावर विश्वास ठेवतात. तसंच शिकवतो ना आपण त्यांना?

ती पुस्तिका घेऊन स्टाफरूममध्ये आली तो दिवस तुला आठवत असेल. मला तिची चप्पलसुद्धा आठवते, अंगठा तुटलेला, पिन लावलेली. पोरगी रडत नव्हती. नववं पान उघडून मेजावर ठेवलं आणि विचारलं, "सर, हे चुकीचं आहे का?"

तू पान वाचलंस. तुझा चेहरा उतरलेला मी बघितला. प्राचार्यही नेमके तिथेच उभे होते. आणि तू म्हणालास, "तां पान बाईंनी तपासलेलां."

दत्ता! मुखपृष्ठावर तुझं नाव, दोन रेघा मारून. आणि चूक निघाल्यावर पान बाईंनी तपासलेलं! मी ताडकन उठले. "मी फक्त माझी उदाहरणं बघितली," मी म्हटलं, "प्रमेयं सरांची आहेत. नाव बघा हवं तर." प्राचार्यांनी मुखपृष्ठ बघितलं. तू तोंड उघडलंस, मग मिटलंस. कुसुमनं पुस्तिका पिशवीत घातली आणि ती निघून गेली.

त्यानंतर अकरा वर्षं मी तुझ्याशी बोलले नाही. पेपर एकच, अर्धा तुझा, अर्धा माझा, मग काढायचा कसा? शिपाई बाबलच्या हातून चिठ्ठ्या. मी लिहायची, "प्रश्न तीन पुरेसा नाही." तू उलट लिहून पाठवायचास, "पण आवश्यक आहे." बाबल बिचारा दोन मेजांमध्ये हेलपाटे घालून वैतागायचा. एकदा म्हणाला, "बाई, चार पावलां आसत, तुमीच सांगा मगे." मी म्हटलं, "तुला पगार कशाचा मिळतो?" नवीन आलेल्या शिक्षकांना वाटायचं ही गणितवाल्यांची रीत असेल.

मला फक्त एक हवं होतं. चारचौघांत तू म्हणायचं, चूक माझी होती. तीन शब्द. त्यासाठी मी अकरा वर्षं बाबलला पळवलं.

आणि तरी आई गेली तेव्हा कोरगावला पहिला पोचलास तो तूच. बस चुकली म्हणून शेवटचे चार मैल चालत आलास, पँट गुडघ्यापर्यंत मातीनं लाल. बसलास, चहा घेतलास, सरणाची लाकडं मोजून घेतलीस, माझ्या भावाला काय हवं-नको ते बघितलंस. निघताना म्हणालास, "सोमवारचो तास मी घेतंय, तू येव नको." त्या सोमवारनंतर आपण बोलायला लागलो. त्या गोष्टीबद्दल मात्र कधीच नाही. मी वाट बघत राहिले, की आता म्हणेल, आता म्हणेल. हरभऱ्याची उसळ खाता-खाता सहज म्हणेल. बढतीच्या पार्टीत म्हणेल. निवृत्तीच्या भाषणात तरी म्हणेल. तू निवृत्तीच्या भाषणात बस स्टँडचा विनोद सांगितलास.

उपकार विसरते असं नको म्हणू. कॉलेजात रुजू झाले तेव्हा मला फक्त वाणिज्यच्या पोरांचं अंकगणित द्यायचं ठरत होतं, बाईमाणसाला अमूर्त बीजगणित कशाला म्हणून. तेव्हा तू म्हणाला होतास, "मगे माकाव नको." त्या एका वाक्यावर मला माझे सदिश अवकाश मिळाले. ते सगळं माझ्या ध्यानात आहे. म्हणूनच तर इतका राग आला रे. परक्याचा कोण कशाला इतकी वर्षं राग धरेल?

गेल्या महिन्यात सुमनवहिनीचा फोन आला, दम लागतो, बोलवतायत तुम्हाला. मी डिचोलीला आले. तू पलंगावर उशांना टेकून, नाकात नळी, तिथेही उशाशी वही. जनेल बंद होतं, खिडकीतून ट्रकांची धूळ येते म्हणून. वहिनी उंडे पाव आणि चहा घेऊन आली आणि कदेल ओढून त्या खुर्चीवर जवळच बसली. आपण आधी प्रकृतीचं बोललो, मग कुणाची मुलं कुठे आहेत ते. मग तू वहिनीच्या देखतच विचारलंस, हळूच, मधे दम घेत.

"शैला. तां नववां पान... तू बघलेलंस मां?"

माझ्या हातातला कप तसाच राहिला. इतक्या वर्षांनी विचारलंस, तेही आरोप म्हणून नाही. आजारी माणूस औषध घेतलं का विचारतो तितकं साधं. तुझे डोळे माझ्यावर. वहिनीचेही.

मी म्हटलं, "नाही."

तू मान हलवलीस. "नाय मां? मगे बरां. मगे चूक माझीच. इतकी वर्षां माका उगीच वाटत होतां." आणि वहिनीकडे वळून म्हणालास, "आयकलंस? चूक माझी होती. शैलाची नाय." वहिनी म्हणाली, "आता कित्याक ता उगाळतात?" तू हसलास. पुढच्या गुरुवारी गेलास.

म्हणजे मला जे हवं होतं ते मिळालं. माणसासमोर मिळालं, अगदी शब्दाला शब्द. घरी परत येताना बसमध्ये मला आनंद व्हायला हवा होता ना? मी पेडण्यापर्यंत खिडकीला डोकं टेकून बसून होते.

मी ते पान बघितलं होतं, दत्ता. त्याच शुक्रवारी, त्याच हॉटेलात. प्रस्तावना वाचून मी पुढे चाळत गेले आणि नवव्या पानावर थांबले. शब्द नाही हे एका नजरेत कळलं. अट बोटानं झाकून बघायची सवय माझीच, मला कळणार नाही तर कुणाला? दुरुस्तीचा गुलाबी द्राव बाटलीत होता, ब्रश हातात होता. तीन ओळी खाली एक घातांक चुकला होता, तो मी दुरुस्त केला. प्रमेय तसंच ठेवलं. मनात नीट शब्दांत म्हटलं: राहू दे. नाव त्याचं आहे ना, मग दिसू दे चारचौघांना. वाटलं होतं, स्टाफरूममध्ये कुणीतरी दाखवील, तू खजील होशील, मी हसेन, आणि दुसऱ्या आवृत्तीत माझं नाव पडेल. एखादं पोर ते परीक्षेत लिहील हे डोक्यात आलंच नाही. नाही, हेही खोटं. आलं होतं. पण तुझ्यावरचा राग त्याहून मोठा होता.

तो गुलाबी डाग तू बघितला असणारच. स्टेन्सिल मशीनवर तूच चढवलास. म्हणून तर म्हणालास, पान बाईंनी तपासलेलं. खरं तेच बोललास. आणि मी सगळ्यांसमोर नाही म्हटल्यावर तो स्टेन्सिल आणून दाखवायला तुला पाच मिनिटं लागली नसती, ऑफिसच्या कपाटात होता. आणला नाहीस. अकरा वर्षं चिठ्ठ्या घेतल्यास पण आणला नाहीस. का, ते मला कधी सांगितलं नाहीस. शेवटी स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवून गेलास, आणि तो शब्द खोटा होता.

तू तो शब्द गाळलास, माझं नाव गाळलंस, या दोन्हींची मी तुला आजही माफी देत नाही. पण तुझी चूक आवश्यक होती, पुरेशी नव्हती. पुरी मी केली.

रविवारी सभा संपल्यावर कुसुम माझ्या पाया पडली. "बाई, बऱ्या आहात ना? वास्कोला या एकदा," म्हणाली आणि पत्ता लिहून दिला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि 'येईन' म्हटलं. आज हे सगळं आधी तुला लिहितेय, तेही भित्रेपणानंच. तुला सांगणं सोपं आहे. तू 'का केलंस' असं विचारणार नाहीस. कुसुम विचारेल.